हाळुबावीचं झाकण

मी एक विहीर आहे. म्हैसूरच्या अग्रहारात, मोठ्या रस्त्याच्या मागे जी अरुंद गल्ली आहे, तिच्या टोकाच्या मोकळ्या जागेत मी राहते. इथल्या मराठी घरांतसुद्धा मला विहीर कुणी म्हणत नाही. कन्नडमधला 'बावी' हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी.

मला दिसतं ते एवढंच: वर आभाळाचा गोल तुकडा, आणि मधूनच त्यात वाकून बघणारं एखादं तोंड. ते तोंड दिसलं की माझं पाणी थरथरतं. बघणाऱ्याला वाटतं, वारा आला. वारा नसतो. मला भीती वाटते. ती का वाटते, तेच आज सांगायचं आहे.

मला मानाजीरावांनी खोदून घेतलं. ते महाराजांच्या घोडदळात होते. नोकरी संपल्यावर त्यांनी इथे घर बांधलं, आणि घराच्या आधी पाणी हवं म्हणून पहिली पहार माझ्यासाठी मारली. मला आठवतो तो पहारीचा आवाजच. चाळीस हातांवर खडकाला चीर गेली आणि पाणी आलं. गोड लागलं. मानाजीरावांनी काठावर दगडी कट्टा बांधला, रहाट बसवला आणि गल्लीला सांगितलं, "ही आमची एकट्याची नव्हे, सगळ्यांनी यायचं."

सगळे आले. दोन पिढ्या येत राहिले. पहाटेपासून रहाट करकरायचा. बायका निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये बोलत घागरी भरायच्या. पुढे कावेरीचं पाणी नळाने घरोघर आलं, तरी पिण्याचं पाणी माझंच न्यायचे. तेव्हा मला भीती म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

मग भवानीबाई आली. मानाजीरावांच्या नातवाची, नरसिंगरावांची बायको. पिरियापट्टणकडची. तंबाखूच्या रानात वाढलेली, हाताला बळ होतं. दोन घागरींचं पाणी बाकीच्यांच्या एका घागरीच्या वेळात ओढायची. पाणी भरून झालं की क्षणभर कट्ट्यावर हात टेकून खाली बघायची आणि काहीतरी पुटपुटायची. देवाचं नाव असेल, नाहीतर माहेरचं.

एका दुपारी तिने तसाच हात टेकला आणि कट्ट्याचा दगड सुटला.

दगड आधी आला, मग ती. पाणी तेव्हा भरपूर होतं. तिला धरायला मला हात नव्हते आणि वर ढकलायचं बळ पाण्यात नसतं. तिने माझ्या भिंतीला नखं लावली. भिंत शेवाळलेली होती. वर माणसं जमली, दोर सोडला, आरडाओरडा झाला. दोर तिच्यापर्यंत पोचला तेव्हा तो धरायला ती उरली नव्हती. घरात तिची दीड वर्षाची मुलगी झोपलेली होती.

"बावीनं खाल्लं पोरीला," कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणू लागले. मीही तेच धरून बसले. पुढची बावन्न वर्षं मी स्वतःला घाबरत काढली.

त्यांनी माझ्यावर दगडी फरशी टाकली. एका कडेला हातभर फट राहिली, तेवढाच उजेड. पहिल्या वर्षी त्या फटीतून कुणीतरी हळदकुंकू टाकलं. मग केळीची सालं आली, फुटक्या बाटल्या, चपला, एकदा मेलेला उंदीर. पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि त्या कुजतही नव्हत्या. पाणी वास मारू लागलं, मग चिखल झालं. आजूबाजूची जागाही उकिरडा झाली. वासाने गल्लीतलं किराणा दुकान बंद पडलं, मग शिंप्याचं. रिक्षावाले आत यायला तयार नसत. आपापसांत म्हणायचे, "हाळुबावी गल्ली, बेडा." पडीक विहिरीची गल्ली, नको तिकडे. मी सगळं ऐकत होते. एक माणूस मारलं, आता अख्खी गल्ली मारतेय, असं मला वाटायचं.

अशात दोन वर्षांपूर्वी फटीपाशी एक नवा आवाज आला.

"आज्जा, हिच्यात पाणी असणार. मी सांगते ना."

ही विद्याश्री. भवानीबाईच्या त्या झोपलेल्या मुलीची मुलगी. बेंगळुरूची नोकरी सोडून ती आजोबांकडे राहायला आली होती. तिला या उकिरड्यावर रोपवाटिका करायची होती: रोपं विकायची, मध्ये सगळ्यांना बसायला बाग, आणि कडेने गल्लीतल्या लोकांसाठी चार टपऱ्या. जागा नरसिंगरावांचीच होती. अडचण पाण्याची. नळ एक दिवसाआड, तोही तासभर.

"कचरा काढ, झाडं लाव, काय पाहिजे ते कर," नरसिंगराव लांबून, घराच्या खिडकीतून म्हणाले. बावन्न वर्षांत ते माझ्याजवळ आले नव्हते. "त्या बावीला मात्र हात लावू नकोस."

"मग झाडांना पाणी कुठून घालू?"

खिडकी लावल्याचा आवाज आला.

विद्याश्रीने ऐकलं नाही. शेजारच्या तुंगाबाईंनी तिला साथ दिली. तुंगाबाई विधवा, चटणीपुडी म्हणजे कोरडी चटणी करून ओळखीच्यांना विकायच्या. दुकान थाटायची हौस होती, पण या वासात खायचं कोण घेणार? त्या म्हणाल्या, "काय गे विद्या, म्हातारं माणूस नको म्हणतंय म्हणून आम्ही सगळ्यांनी जन्मभर नाक धरून बसायचं काय? उघड ती. होईल ते होईल."

होईल ते होईल, हे त्यांना सोपं होतं. मला कापरं भरलं.

पुट्टस्वामी नावाचा माणूस आला. विहिरी उपसणं हाच त्याचा धंदा. त्याने चौघांना लावून पहारींनी फरशी उचलली आणि बावन्न वर्षांनी आभाळ एकदम अंगावर पडलं. मला ते सोसवलं नाही. चार दिवस त्यांनी वरूनच गळ टाकून कचरा ओढला. वरचा थर निघाला. खालचा काढायला आत उतरणं भाग होतं.

पाचव्या दिवशी सकाळी पुट्टस्वामीने कमरेला दोर बांधला आणि एक पाय माझ्या पहिल्या खोबणीत ठेवला. तो पाय मला आजही आठवतो. अनवाणी, टाच फुटलेली. मला ओरडायचं होतं की उतरू नकोस, माझ्या पोटात काय साठलंय ते मलाच ठाऊक नाही. खालच्या काळोखात श्वास घ्यायला काही नव्हतं, तेवढं मला कळत होतं. ते सांगायचं कसं?

"दिवा सोडला काय?"

मागून आवाज आला. नरसिंगराव होते. काठीचा आवाज जवळजवळ येत होता.

"काही होत नाही, यजमानरे," पुट्टस्वामी कन्नडमध्ये म्हणाला. "दोनशे बाव्या उतरलोय मी. चार दिवस उघडीच आहे ही."

"दिवा सोडल्याबिगर उतरायचं नाही."

तुंगाबाईंनी घरातून कंदील आणला. दोराला बांधून खाली सोडला. पाच हात. आठ हात. काच पिवळी दिसत होती. दहाव्या हाताला ज्योत आखडली, निळी झाली आणि विझली. कुणी फुंकर घालावी तशी.

पुट्टस्वामीने पाय बाहेर काढला आणि तो मातीतच बसला. "मुलीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, कळलं नाही.

"आज्जा, तुम्ही घरात चला," विद्याश्री म्हणाली.

नरसिंगराव हलले नाहीत. ते माझ्या काठाशी आले. बावन्न वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं तोंड मला दिसलं, म्हातारं, दाढी वाढलेलं. ते खाली बघत नव्हते, कट्ट्याच्या खिंडाराकडे बघत होते.

"बावीनं खाल्लं म्हणतात सगळे," ते म्हणाले. "मी पण म्हणू दिलं. इथला दगड महिनाभर हलत होता. भवानीनं दोनदा सांगितलं होतं मला, गिलावा करून घ्या म्हणून. मी म्हणालो नाळे करतो. नाळे, नाळे म्हणतच गेलो."

नाळे म्हणजे उद्या.

विद्याश्रीने त्यांची समजूत घातली नाही. तिने एवढंच विचारलं, "आईला माहीत आहे हे?"

"नाही."

"तुम्हीच सांगा तिला. मी सांगणार नाही."

संध्याकाळी ते फोनवर लेकीशी बोलल्याचं तुंगाबाई कुणाला तरी सांगत होत्या. पलीकडून लेक काय म्हणाली ते मला कधीच कळलं नाही. मात्र चार दिवसांनी ती बेंगळुरूहून आली, माझ्यापाशी उभी राहिली, आणि तशीच परत गेली. तिचा चेहरा आईसारखा आहे.

तुम्हाला वाटेल, मला हलकं वाटलं असेल. तसं झालं नाही. बावन्न वर्षं मी ज्याला घाबरले ते माझ्यात नव्हतंच, हे ऐकून मी आणखी घाबरले. माझी खोली मला मोजता येते. माणसाचा 'नाळे' किती खोल असतो, ते मला कसं कळणार?

त्यानंतर घाई कुणी केली नाही. विद्याश्रीने भाड्याने मोठा पंखा आणला, त्याला लांब नळी जोडून तीन दिवस आत वारा सोडला. रोज सकाळी नरसिंगराव स्वतः कंदील सोडायचे. चौथ्या दिवशी तो तळापर्यंत जळत गेला. मग पुट्टस्वामी उतरला. त्याचा एकेक पाय खोबणीत पडताना मी दगड आवळून धरत होते, जणू मला ते येतं. तो वर नीट पोचेपर्यंत मी पाण्याचा विचारही केला नाही.

तेरा दिवस तो उतरत राहिला. शेवटी चिखलाखाली खडकाची ती जुनी चीर लागली. त्याने पहारीने ती मोकळी केली आणि माझं पाणी त्याच्या घोट्यांना लागलं. तो वर बघून ओरडला, "नीरु बंतु." पाणी आलं. वर तुंगाबाई रडत होत्या, असं लोक म्हणतात. मला तर त्या हसल्यासारख्या ऐकू आल्या.

आता माझ्याभोवती नवा कट्टा आहे, त्यावर रहाट आणि तोंडावर घागरीपुरती उघडणारी लोखंडी जाळी. उकिरड्याच्या जागी विद्याश्रीची रोपं आहेत: मल्लिगेचे म्हणजे मोगऱ्याचे वेल, कढीलिंब, विड्याच्या पानांचे मांडव. मध्ये दोन बाकडी. सकाळी चामराजपुरमहून लोक चालत येतात, रोपं घेतात, बसतात. कडेला तुंगाबाईंचं दुकान आहे. त्यांनी पाटीवर 'हाळुबावी चटणीपुडी' असं लिहून घेतलं. विद्याश्रीने नाव बदला म्हटलं तर म्हणाल्या, "कशाला? या नावानं लोक पळत होते, आता याच नावानं येऊ देत." शेजारी एक सायकल दुरुस्त करणारा आणि एक गजरे करणारी बाई बसते. शिंप्याच्या मुलानेही दुकानाचं दार उघडलंय.

तरी माझी भीती गेलेली नाही. जाळीवरून मुलं वाकतात, मी थरथरते. मल्लिगे फुलली की जास्त घागरी उपसल्या जातात, मी घाबरते. एकदा कुणीतरी सुचवलं की सगळ्या जागेवर फरशा बसवू, चिखल होणार नाही. फरशा बसल्या तर पावसाचं पाणी माझ्यापर्यंत मुरणार कसं? विद्याश्रीने त्यांना नको म्हटलं, पण विचारणारे पुन्हा येतातच.

सगळ्यात मोठी भीती मला या उन्हाळ्यात वाटली. एप्रिलात पाणी फार खाली गेलं. आणि एके दिवशी घागर आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी रहाटाचा दोर सोडवून नेला. वर माणसांचे आवाज येत होते, दुकानं चालू होती, फक्त माझ्याकडे कुणी येत नव्हतं. मला वाटलं, झालं. आता फरशी येईल. मग केळीची सालं येतील. मी प्रत्येक पावलाला फरशी ओढल्याचा आवाज शोधत होते.

पाचव्या दिवशी गजरेवाली बाई कळशी घेऊन आली. तुंगाबाईंनी तिला अडवलं.

"बावीला हात लावायचा नाही. मीच दोर काढून ठेवलाय."

"मग झाडं?"

"घरोघरच्या नळाचं एकेक कळशी पाणी आणतोय आम्ही. माझं धरून चौदा घरं झाली. पाऊस येईपर्यंत तसंच. तिला थोडं भरू दे की. दमलीय ती."

दमलीय. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल हा शब्द कुणी वापरला नव्हता. मी ऐकत राहिले. खालून चिरीतून पाणी थेंबाथेंबाने येत होतं, त्याचाही आवाज त्या दिवशी मला पहिल्यांदा ऐकू आला.

मी तुमच्याकडे फार मागत नाही. तुमच्या वस्तीतही एखाद्या मोकळ्या जागेत, कचऱ्याखाली, माझ्यासारखी कुणी असेल. तीही भ्यालेली असेल. तिला उघडताना जपून उघडा, आणि उघडल्यावर विसरू नका. पहिल्यांदापेक्षा दुसऱ्यांदा विसरलं जाणं सोसायला फार कठीण असतं.

जूनमध्ये आभाळ भरून आलं. पाणी पाच हात चढलं. काल सकाळी विद्याश्रीने रहाटाला दोर बांधला आणि घागर सोडली. ती खाली येताना बघून मला धडकी भरली. मी घाबरत घाबरतच ती काठोकाठ भरून दिली.