नैवेद्याचं खतखतं

सोमवारी सकाळी पणजीच्या चॅनेलवरून एका मुलीचा फोन आला. "काकू, आमच्या पाककलेच्या कार्यक्रमाला दहा वर्षं झाली. सगळ्यात गाजलेले क्षण पुन्हा दाखवणार आहोत. तुमचा पहिल्या नंबरावर आहे! दोन शब्द हसत हसत बोलाल का?" हसत हसत म्हणे! मी फोन आपटला आणि चुलीत लाकूड असं ढकललं की राख अंगावर उडाली.

त्या क्षणाने माझं काय केलं, ते तिला काय ठाऊक? मी कमलाक्षी, धारगळच्या एका लहानशा देवळातल्या भटाची बायको. लग्न होऊन आले तेव्हापासून बावीस वर्षं देवाचा दुपारचा नैवेद्य मी रांधला. नैवेद्य चाखायचा नसतो. देवाआधी जिभेला लागला की तो उष्टा. मीठ मुठीने घालायचं आणि उकळीच्या वासावरून ओळखायचं. बावीस वर्षांत प्रसादाच्या पंगतीत कोणावर मीठ मागायची पाळी आली नाही. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नसे.

तोच गर्व ऐकून चॅनेलवाले दारात आले. एक प्रसिद्ध माणूस आणि एक घरगुती सुगरण, अशा जोड्या होत्या. माझ्या वाट्याला मुंबईची मालिकेतली नटी आली, पूनम. चवथीचा खास भाग, म्हणून मंचावर भला मोठा गणपती, समई, फुलं. सूत्रसंचालक म्हणाला, "पहिलं ताट बाप्पाला, मग परीक्षकांना." झालं, मी चपला काढल्या, पदर खोचला आणि खतखतं रांधायला घेतलं, पाच-सात भाज्या, तूरडाळ, नारळाचं वाटण, वर तिरफळं. बाकीच्या जोड्या सारख्या चमचे चाटत होत्या. मी मनात त्यांना नावं ठेवत होते.

पूनमचं तोंड कॅमेऱ्याकडे आणि हात पातेल्यात. मी वाटण आणायला वळले तेवढ्यात तिने मीठ घातलं. मला ते कळलं नाही. मी माझी मूठ घातली. वास म्हणाल, तर तिच्या अत्तरापुढे कसला वास येतोय! गणपतीला ताट दाखवलं, डोळे मिटून हात जोडले. मग परीक्षकाने घास घेतला आणि सगळ्यांदेखत रुमालात थुंकला.

"काकू, चाखलं नाहीत?"

"देवाच्या आधी कसं चाखणार?" मी म्हणाले. सगळा स्टुडिओ हसला. पूनम तर माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसली. मीठ आपणही घातलं होतं, हे तिने कॅमेरा बंद झाल्यावर सांगितलं.

घरी ह्यांनी एकच विचारलं, "त्या गणपतीक प्राणप्रतिष्ठा कोणी केल्ली गो?"

कोणीच नाही. तो रंगवलेला थर्मोकोल होता आणि त्याच्यासाठी मी सोवळं पाळलं होतं.

ते चित्र घरोघरी गेलं. पेडण्याच्या बाजारात भाजीवाली विचारायची, "भटीणबाय, मीठ जाय?" मीठ हवं का म्हणे! लोकांचं जाऊ दे, लोक विसरतात. मी विसरले नाही. दुसऱ्याच आठवड्यात नैवेद्याच्या चुलीपुढे मूठ धरून उभी राहिले आणि मीठ एकदा घातलं की नाही, तेच आठवेना. त्या दिवशी अळणी झालं, दुसऱ्या दिवशी खारट. पंधरवड्यात हे म्हणाले, "फाल्यांपासून विनिता रांधतली." उद्यापासून चूल विनिताकडे, माझ्या धाकट्या जावेकडे. मी भांडखोर, पण त्या दिवशी मिठाची बरणी मीच तिच्या पुढ्यात ठेवली. सहा वर्षं झाली त्याला. आता घरच्या भाजीतही दहादा चमचा बुडवते.

फोन आला त्याच सोमवारी विनिता लेकीच्या बाळंतपणासाठी डिचोलीला गेली. हे म्हणाले, "तूंच कर आतां." मग दाराशी वळून, "तुझ्या हातचें देवाक बरें लागता."

हे ऐकायला मी सहा वर्षं तरसले होते. न्हाले, सोवळं नेसले. देवाला म्हटलं, एवढं एक पान नीट होऊ दे, माझी चूल मला परत मिळू दे.

खतखत्याला उकळी आली. मीठ घातलं, "घातलं" असं मोठ्याने म्हणून घातलं. वासही जुनाच, ओळखीचा. झाकण ठेवायला गेले आणि तो सगळा स्टुडिओ कानात हसला. सकाळची ती मुलगीही हसत होती. पळी केव्हा उचलली, तळहातावर थेंब केव्हा घेतला, मला सांगता यायचं नाही. जिभेला लागलं तेव्हा कळलं.

बाहेरून ह्यांनी विचारलं, "जालें गो?"

दुसरं रांधायला वेळ नव्हता आणि देवाच्या दारात खोटं बोलायची माझी छाती नव्हती. "झालं," मी म्हणाले, "पण मी चाखलंय."

ह्यांनी फडक्याने टोप उतरवला, मागच्या दाराने नेला आणि माडाच्या आळ्यात ओतला. देवाला दूध-केळं दाखवलं. संध्याकाळी शेजारच्या गावातल्या ह्यांच्या चुलतभावाच्या बायकोला निरोप गेला, उद्यापासून तू ये. आता ती चूल मला कधीच मिळायची नाही, आणि मिळावी असं म्हणायला तोंडही उरलेलं नाही.

मीठ अगदी बरोबर होतं.