सासूबाईंचा बुधवार

आमच्या तान्ह्या टाइमनचं वजन वाढत नव्हतं. दूध प्यायला की आंबूस उलटी, मग अंग ताठ करून किंचाळणं. बालकेंद्रातल्या नर्सने पाजण्याची रीतच बदलायला सांगितली होती: थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजा, मध्ये ढेकर काढा, नंतर बराच वेळ उभं धरा. पुढच्या खेपेला वजन वाढलं नाही, तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालणार होते.

मी इमानेइतबारे तसंच करत होते. पोर शांत व्हायचं, पण बुधवार उलटला की पहिले पाढे पंचावन्न. बुधवार सासूबाईंचा. आम्हा डच लोकांत नातवंडं सांभाळायला आजीचा एक दिवस ठरलेला असतो आणि तो काढून घेणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. म्हणून मी गप्प होते.

एका बुधवारी, मी शिकवते त्या शाळेतून लवकर सुटले. सायकल टेकवतानाच टाइमनचा टाहो ऐकू आला. आत सासूबाई कॉफीसोबत एक बिस्किट खात, घड्याळाकडे बघत बसलेल्या. शेजारी काठोकाठ भरलेली बाटली. माझं डोकंच फिरलं.

"आई, भूक लागलीये त्याला."

"लागू दे की, मारेइके. चार तास झाल्याशिवाय बाटली नाही. मग पोटभर पाजायचं आणि आडवं करायचं. माझा वेसल असाच वाढला."

मी पोराला हिसकावूनच घेतलं आणि नळीचं सांगितलं. त्यांच्या हातातला कप थांबला.

"कसली नळी? मला कुणी बोललं नाही."

"वेसलला सांगितलं होतं मी. तुम्हाला सगळं समजावून सांग म्हणून."

त्या खाली बघायला लागल्या. "तो म्हणाला, तू तुझ्या पद्धतीने कर. फक्त मारेइकेसमोर नको."

इतके दिवस मी या बाईवर दात खात होते. आणि माझा नवरा रोज माझ्याशेजारी जेवत होता, पोराची उलटी पुसत होता आणि काही बोलत नव्हता.

वेसल आला, तेव्हा मी अजून टाइमनला खांद्यावर उभं धरून होते. आईचा चेहरा बघूनच तो समजला. म्हणाला, तिला वाईट वाटलं असतं, घरात कटकट नको होती.

मी पोर त्याच्या हातात दिलं. "बुधवारी आता तू घरी राहायचंस. उद्याच साहेबांना सांग."

"अगं, पण साहेबांना वाईट वाटेल..."

हे तो खरोखर म्हणाला. सासूबाई उठल्या आणि त्यांनीच त्याचा फोन त्याच्यासमोर ठेवला.