प्रश्नामागचा ‘ना’

क्लिनिकल सायकॉलॉजीतल्या पीएच.डी.साठी मैथिलीचा हा तिसरा अर्ज. दोनदा लेखी परीक्षा पार पडली आणि दोन्ही वेळा मुलाखतीत माशी शिंकली. ‘विषयात नवीन काय?’ एवढं विचारून पॅनेलनं तिला वाटेला लावलं होतं. भोरच्या घरी तिचे वडील शरच्चंद्र, कोर्टातून निवृत्त झालेले, आल्यागेल्याला सांगायचे, "आमची मैथिली डॉक्टर होणार आहे, पण गोळ्यांची नव्हे." या खेपेला मात्र त्यांनी हे सांगणं बंद केलं होतं.

या वेळचा विषय नवा होता आणि तिचा स्वतःचा होता. वेल्ह्यातल्या एका संस्थेच्या दवाखान्यात ती समुपदेशक होती. आठवडाभर वेल्ह्यात भाड्याची खोली, शनिवारी घरी. नवरा गेलेल्या बायकांकडे ती घरोघर जाऊन बसली होती, पासलीच्या डोंगरापासून खाली भोंगवलीपर्यंत. त्यांची परवानगी घेऊन बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. त्यातून निघालं ते असं, की या बायका फार लवकर सावरतात. दिवसकार्य उरकतं, भात-गुरं सुरू होतात, आणि जीव नकोसा झालाय असं म्हणणारी एकही सापडत नाही. शहरातल्या विद्वानांना डोंगरातल्या बायकांची ताकद दाखवायचीच, म्हणून मैथिलीनं कंबर कसली. संस्थेचं काम मार्चला संपणार होतं. आता प्रवेश मिळाला तर मिळाला, नाहीतर हातात नोकरीही नाही आणि अभ्यासही नाही.

मुलाखत मंगळवारी पुण्यात होती. रविवारी दुपारी ती गच्चीवर बसून रेकॉर्डिंग ऐकत होती. पॅनेलला ऐकवायला दोन-चार ठसकेबाज वाक्यं हवी होती. तिनं पासलीच्या बाळाबाईचं बोलणं लावलं. बाळाबाई पन्नाशीची, नवरा कोंडिबा दोन पावसाळ्यांपूर्वी वारला, लेक रत्ना लग्न होऊन पानशेतला. घरात एकटी राहायची आणि एकटीच भात करायची.

आधी मैथिलीचाच आवाज आला, साखरेत घोळलेला. "झोप लागते ना, मावशी? जेवण जातं ना? आणि जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येत नाही ना?"

मग काहीच नाही. कोंबडा आरवला, लांब कुठंतरी एक टेम्पो कण्हत चढ चढला. आणि मग बाळाबाई म्हणाली, "न्हाई."

चहा घेणार का म्हटल्यावर संकोची पाहुणा ‘नको’ म्हणतो, तसं होतं ते.

मैथिलीनं ते पुन्हा ऐकलं. मग दुसऱ्या बाईचं, मग तिसरीचं. सगळीकडे तोच प्रश्न आणि त्याच्यामागं तोच ‘ना’. हा ‘ना’ काही तिला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता. तो आपल्या सगळ्यांच्या घरचाच. आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण ‘आता बरं आहे ना?’ म्हणतो, सासरहून आलेल्या लेकीला ‘काही त्रास नाही ना?’ विचारतो. वाईट गोष्ट तोंडातून काढायची नाही, म्हणून प्रश्नातच उत्तर बांधून देतो, आणि समोरचं शहाणं माणूस तेच उत्तर आपल्याला परत करतं. यात माया असते, नाही कोण म्हणतं? पण ऐकायची तयारी नसते. पुस्तकातला मूळ प्रश्न सरळ होता. मराठीत तो फार उघडावाघडा वाटला, म्हणून मैथिलीनंच त्याला हा ‘ना’ नेसवला होता.

म्हणजे एकही बाई सापडली नाही, ती तिच्या विचारण्यामुळं. मैथिली घाबरली. अर्जाची काळजी तिला नंतर सुचली, आधी डोळ्यांपुढं बाळाबाई आली.

सोमवारी मुलाखतीची तयारी बाजूला टाकून ती गाडी काढायला लागली, तसे शरच्चंद्र दारात आले. "अगं, उद्यावर मुलाखत आली. फोन करून विचार की त्या बाईंना."

"हे फोनवर विचारायचं नाही, बाबा."

पासलीत बाळाबाई अंगणात भात वाळत घालत होती. "अगंबाई, ताई तुमी? मधीच कसं काय? बसा हितं, च्या टाकते."

मैथिली बसली. चहा पिऊन झाला, कप धुऊन झाला, तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना. एवढं शिकलेली पोरगी, आणि एका ओळीवर घोडं अडलं. शेवटी खाली मान घालून तिनं विचारलं, "मावशी, मरावंसं वाटतं का तुम्हाला?"

बाळाबाई दचकली नाही की रागावली नाही. भातावर उतरलेल्या चिमण्या तिनं हात वर करून हाकलल्या.

"व्हय," ती म्हणाली. "दिस मावळतीला गेला की वाटतं. लई वाटतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुमाला ‘न्हाई’च पायजे हुतं, ताई. किती आशेनं बघत हुता माज्याकडं. म्हनलं, एवढ्या लांबनं पोरगी आलीया, तिला रिकाम्या हातानं कशाला धाडायची? म्हनून ‘न्हाई’ दिलं म्या."

 मैथिलीला लाज वाटली, आणि त्याहून जास्त म्हणजे, ही बाई अजून समोर बसली आहे याचा जीव भरून आनंद झाला. मग तिनं काही विचारलं नाही. बाळाबाईच बोलत राहिली. कोंडिबा जेवताना तोंडातून अवाक्षर काढायचा नाही. आता त्याच्याविना घास गिळायचा तर घर खायला उठतं. रत्नाला सांगावं तर तिचा तिलाच संसार उरकत नाही. दुपारपर्यंत भाताकडं दोघींचंही लक्ष नव्हतं, चिमण्यांनी मेजवानी केली.

बाळाबाईला विचारून मैथिलीनं रत्नाला फोन लावला आणि जे होतं ते सांगितलं. रत्ना मिळेल त्या जीपनं आली आणि आईच्या गळ्यातच पडली. तिनं आईला काही दिवस पानशेतला न्यायचं ठरलं; दवाखान्यात येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांकडे गुरुवारचा नंबर लागला. एवढं झाल्यावरच मैथिली भोरला परतली.

मंगळवारी पॅनेलवरच्या ज्येष्ठ बाईंनी तिचा प्रस्ताव समोर ओढला. या वेळी त्या चक्क हसल्या. "फार आश्वासक निष्कर्ष आहे तुमचा. आम्हाला आवडला."

गप्प बसली असती तर जागा तिची होती. त्या खोलीत कुणाला काय कळणार होतं? मैथिलीला हे स्वच्छ दिसत होतं, आणि मोहही झाला. 

"तो चुकीचा आहे," ती म्हणाली, आणि तो का चुकीचा आहे हे तिनं सांगितलं.

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. हे सांगितल्याबद्दल त्यांनी तिचे आभारही मानले. पण प्रस्ताव ज्यावर उभा होता तेच राहिलं नव्हतं, आणि नसलेल्या कामावर प्रवेश देता येत नाही. पुन्हा काम करून पुढच्या वर्षी या, असं ठरलं.

चांगलं काम केल्याचं समाधान वगैरे मैथिलीला काही मिळालं नाही. ती स्वारगेटला एसटीत बसली आणि खिडकीकडं तोंड करून नसरापूर येईपर्यंत रडली. घरी शरच्चंद्रांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मला वाईट वाटतंय. फार वाटतंय. पण तू गेलीस ते बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैथिली भोंगवलीला निघाली. जिथं जिथं तो ‘ना’ लावून विचारलं होतं, तिथं तिथं परत जायचं होतं, नोकरी असो वा नसो. पहिलं घर सगुणाबाईचं. ही गावातली हसरी बाई. नवऱ्यामागं दोन पोरं वाढवलेली, मैथिलीच्या लग्नावरून तिची खेचणारी. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये हिच्याइतकं कुणी हसलं नव्हतं.

ओसरीवर ज्वारी पाखडत बसलेली सगुणाबाई तिला पाहून आत्ताही हसली. "आता काय राह्यलं इचारायचं? सगळं झ्याक हाय म्हनून सांगितलं की मागंच."

मैथिली तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं सरळ विचारलं.

सगुणाबाईचं हसू तसंच थोडा वेळ तोंडावर राहिलं. मग तिनं सूप खाली ठेवलं, उठून रस्त्याकडचं दार लावून घेतलं आणि कडी घातली.

"बसा," ती म्हणाली. "सांगते."