दिवेलागणीची पारख

ऋतुजाच्या कॅमेऱ्याला रातांधळेपणा होता. दिवसभर गुणी बाळासारखा वागायचा आणि सूर्य कलला की नवरीच्या तोंडाचा पार चिखल करायचा. बरं, तलवाड्याची माणसं अशी हौशी, की निम्मी लग्नं गोरज मुहूर्तावर लावणार. फ्लॅश मारावा तर मांडवातली धूळच पांढऱ्या ठिपक्यांनी चमकायची. पाहुणे फोटो बघून विचारत, लग्नात मुरमुरे उधळले होते का म्हणून.

आता शेजारचे मेंढपाळ बजरंगमामा लेकीच्या, अंजूच्या लग्नासाठी बीडचा फोटोग्राफर बघत होते. तेही लग्न गोरजावरच. हे घरचं म्हणावं असं कार्य हातचं गेलं असतं, तर ऋतुजाला गावात पुन्हा कुणी विचारलं नसतं.

नवा कॅमेरा घ्यायचा तर सर्जा विकावा लागणार होता. सर्जा म्हणजे तिच्या मेंढपाळ वडिलांचा, म्हाळूआबांचा एडका. कळपाची शान आणि आबांचा तोरा. आबा नाही म्हणाले नव्हते, पण हो तर मुळीच नाही. त्यांचं म्हणणं एकच, की विकणाऱ्याच्या शब्दावर जनावर घेऊ नये. घरी आणावं, आपल्या माळावर चालवून बघावं, मग बोलावं. ऋतुजाला आधी राग आला, मग पटलं. अंबाजोगाईच्या मोहिनीनं, तिच्या मैत्रिणीनं, ऋतुजाला हवा होता तोच नवा कॅमेरा घेतला होता. ऋतुजा तिच्याकडून तो मागून घेऊन आली.

सांजेला मेंढ्या धुरळा उडवत परतल्या. ऋतुजानं जाळीच्या कोंडवाड्याच्या तोंडाशी उभं राहून दोन्ही कॅमेऱ्यांनी आत शिरणारा कळप टिपला. आबा मेंढ्या कधी मोजत नसत. मोजलं की दृष्ट लागते, ही समजूत. ते तोंडं ओळखायचे. ज्या फोटोत आबांना मेंढी ओळखू येईल त्यात नवरी ओळखू येणारच, असा तिचा सरळ हिशेब होता.

ती फोटो लॅपटॉपवर घेत होती तोवर बजरंगमामा आले. दुपारी तळ्यावर दोघांचे कळप मिसळले होते आणि त्यांची एक मेंढी सापडत नव्हती. आबांनी जागेवरून न उठताच बिरोबाची आण घेतली. परकं तोंड आपल्या कळपात शिरेल आणि आपल्याला दिसणार नाही, असं कधी झालंय का? मामा मात्र उठले नाहीत.

ऋतुजानं आधी जुन्या कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. आबांनी डोळे बारीक केले.

"ह्यो काय कापूस हाय का?"

त्यात त्यांना सर्जासुद्धा सापडला नाही.

मग तिनं नवे लावले. आबा पुढं सरकले आणि त्यांचं बोट पडद्यावरून चालू लागलं. ही काळतोंडी, ही लांबकानी, ही तिचीच लेक, हा आपला सर्जा. बोट झपाझप चाललं होतं आणि ऋतुजाचा जीव सुपाएवढा झाला होता. तेवढ्यात ते एका मेंढीपाशी थांबलं. ते तोंड परकं होतं. नवा कॅमेरा बापाला शेजाऱ्यासमोर खोटं पाडत होता, आणि खोट्या पडलेल्या बापाकडं सर्जा कोणत्या तोंडानं मागायचा?

"बजरंगा," आबा शेवटी म्हणाले, "ही तुजी हाय. अंधारात मला दिसली न्हाई. माज्या लेकीला दिसली."

मामांनी कोंडवाड्यातून मेंढी कान धरून बाहेर काढली. जाता जाता ते दाराशी थांबले आणि बीडवाल्याला नको म्हणून कळवतो म्हणाले. अंजूच्या लग्नाचे फोटो आता ऋतूनंच काढायचे. ऋतुजाला असा आनंद झाला, की हसावं का रडावं तेच कळेना.

सर्जाचा विषय तिला काढावाच लागला नाही. आबा बाहेर गेले, त्याच्या पाठीवरून हात फिरवून आले आणि पुन्हा लॅपटॉपसमोर बसले.

"येत्या बाजाराला नेतो त्याला. पर आदी त्याचा फोटो मोठा करून दे, भिंतीला लावू. नव्यातला दे बाई, जुन्यातला न्हाई."