सरांची नानखटाई

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. ज्याची चूक निघेल त्याने सगळ्यांना नानखटाई आणायची. भिवंडी कोर्टाजवळ महमूदसरांचं वकिलीचं ऑफिस, रीतही त्यांचीच. "चुका लपवू नका," म्हणतात. ओरडत कधी नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघतात. पण ते बघणं! मी शैला, त्यांची जुनी ज्युनिअर. बेकरीवाला मला पाहिलं की न विचारताच पुडा बांधायला घेतो, आता बोला!

पण अलिजा? नवी पोरगी, येऊन सहा महिने झाले, एकदाही नानखटाई नाही. प्रत्येक कागद पुन्हा पुन्हा वाचते. जेवणाचा डबा तसाच घरी नेते. चुका होत नाहीत म्हणावं, तर चेहरा सदा चोरी पकडल्यासारखा. मला राहवेना. हिचं नक्की चाललंय तरी काय?

सोमवारी राहनाळच्या रंगूबाई येऊन बाकावर बसल्या. शेजारचा गोदामवाला त्यांच्या घरावर जेसीबी घालायला निघालेला. स्टेचा, म्हणजे कोर्टाकडून पाडकाम थांबवायचा, अर्ज त्याच दिवशी द्यायचा होता. अर्ज सरांनी स्वतः लिहिलेला, अलिजाने फक्त झेरॉक्स काढून आणायची. तर ही बया अर्ज आणि जागेचा नकाशा शेजारी ठेवून बसलेली.

"माजं घर वाचंल ना गं पोरी? दुसरं न्हाय मला," रंगूबाई म्हणाल्या, तर हिच्या डोळ्यांत टचकन पाणी.

मी सरळ कागद ओढले. "काय शोधतेयस एवढं?"

"अर्जात घर गोदामाच्या पूर्वेला लिहिलंय, नकाशात पश्चिमेला आहे," ती कुजबुजली. "पण सर कसे चुकतील, ताई? मलाच नकाशा वाचता येत नसेल."

अगं बाई! म्हणजे स्टे मिळणार भलत्याच जागेला, आणि रंगूबाईंचं घर उघड्यावर.

"सर, चूक तुमची आहे!" मी ओरडलेच.

सर आले. नकाशा पाहिला, अर्ज पाहिला. कान लाल झाले. मग स्वतःच खुर्ची ओढून अर्ज नव्याने टाइप करायला बसले.

दुपारी स्टे मिळाला. रंगूबाई सरांच्या पाया पडायला निघाल्या, तर त्यांनी अलिजाकडे बोट केलं.

संध्याकाळी सर पुडा घेऊन आले. आम्ही तुटून पडलो, पण ते स्वतः खाईनात.

"मला एक कळत नाही," ते म्हणाले. "रीत माझी, आणि इतक्या वर्षांत मी आज पहिल्यांदा आणतोय. मी चुकलोच नाही, की कुणी सांगितलंच नाही?"

माझ्या तोंडात नानखटाई होती, म्हणून बरं.

"माझ्यासमोर तीन चुका झाल्या, सर," अलिजा खाली बघत म्हणाली. "मी गुपचूप सुधारल्या. सांगायची भीती वाटली."

म्हणजे जेवण टाकून ही सरांच्या चुका निस्तरत होती! मला तिचा राग आला, आणि कीवही.

सरांनी चष्मा काढून ठेवला आणि पुडा तिच्यापुढे सरकवला.

"तिन्ही सांग," ते म्हणाले. "पण आधी खा."