पांढऱ्या दोऱ्याची पट्टी

गोदामाच्या दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या मुठीत चांदीचं एकेक नाणं होतं. कुणाला ते आजोबांकडून आलेलं, कुणी शेजाऱ्याकडून उसनं मागितलेलं, कुणी कानातलं मोडून घेतलेलं. खोकणारी, लंगडणारी, दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकून आलेली माणसं. पूर्वी इथे कापसाच्या गासड्या रचलेल्या असत. आता मधोमध एक उंच खुर्ची होती आणि तिच्यावर रुपेरीबाबा बसत.

बाबांची रीत अगदी सोपी होती, म्हणून तर ती लोकांना पटायची. आजाऱ्याने आपलं नाणं बाबांच्या पट्टीत गुंडाळायचं आणि दुखतं तिथे रात्रभर बांधून झोपायचं. सकाळी पट्टी सोडली की नाणं काळंठिक्कर. ते बाबा दोन बोटांत उंच धरत, सगळ्यांना दाखवत, मग पत्र्याच्या वाडग्यातल्या वाफाळत्या तीर्थात सोडत. घटकाभरात नाणं पांढरंशुभ्र होऊन वर येई, आणि सगळ्या गोदामाचा श्वास एकदम सुटल्यासारखा आवाज होई.

"सोनं गर्विष्ठ, लोखंड मठ्ठ," बाबा सांगत. "चांदी तेवढी आईच्या जातीची. लेकराचं दुखणं आपल्या अंगावर ओढून घेते. डॉक्टरकडे यंत्र आहे, माझ्याकडे माया आहे. यंत्राला वीज लागते, मायेला फक्त विश्वास लागतो."

विश्वासाबरोबर नोटही लागते, हे बाबा स्वतःच्या तोंडाने कधी बोलले नाहीत. ते दाराजवळच्या पैशांच्या पेटीवर रंगवलेलं होतं.

या रांगेला एक माणूस फार मोठा हातभार लावून बसला होता, आणि तो माणूस म्हणजे नाणेवाली. जिन्याखालच्या अरुंद दुकानात ती जुनी नाणी घ्यायची, विकायची, आणि मुख्य म्हणजे नाण्याची प्रत ठरवून द्यायची. नाणं कडेनेच धरायचं, तिरप्या उजेडात हळूहळू फिरवायचं, भिंगातून आधी उंचवटे बघायचे. चित्रातला गाल, कानावरचे केस. स्वेटर कोपरावर आधी विरतो तसं नाणं तिथे आधी झिजतं. मग टांकसाळीतून निघताना अंगावर असलेली झळाळी शिल्लक आहे का ते बघायचं, आणि शेवटी कुणी घासून-धुऊन ठेवलंय का ते. धुतलेलं नाणं तिला कलप लावून बोहल्यावर चढलेल्या नवरदेवासारखं वाटे. लांबून तरणाबांड, जवळ गेलं की कीव येते.

हे सगळं ती कुणाकडे शिकली नव्हती. बघून बघून डोळा तयार झालेला. तो डोळा चुकत नाही असं गावात म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिचाही तसाच समज होता.

बाबा नवीन आले तेव्हा त्यांनी तिलाच बोलावून घेतलं. नाणं तुझं, बाई, माणूस गर्दीतला, पारख तूच कर, ते म्हणाले. तिने आपल्या पेटीतलं एक स्वच्छ नाणं दिलं, हनुवटीखाली बारीक खाच असलेलं. तिच्यादेखत ते एका म्हाताऱ्याच्या छातीला बांधलं. सकाळी पट्टी सोडली ती तिच्यासमोरच. तीच खाच, तेच नाणं, अस्सल चांदी, आणि कोळशासारखं काळं.

"कपाटात पडलेल्या नाण्याला इतकं काळं व्हायला किती काळ लागतो?" बाबांनी विचारलं.

"एक पिढी तरी," ती म्हणाली.

खरं तेच बोलली. तिला नकली काळेपणा माहीत नव्हता असं नाही. औषधात बुडवून म्हातारी केलेली नाणी तिने ढिगाने परत पाठवली होती. पण हे नाणं तिचं स्वतःचं, तिच्याच पेटीतलं, त्याला कुणी बुडवलेलं नव्हतं. पारख करणाऱ्याची जी चूक व्हायची तीच तिची झाली. सगळी नजर नाण्यावर. ते ज्यात गुंडाळलंय त्या फडक्याकडे बघायचं तिला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या तोंडी नवं वाक्य आलं. पिढीचं काम एका रात्रीत, नाणेवालीने स्वतः सांगितलंय. रांग वळणापर्यंत गेली ती तेव्हापासून. आणि एका सकाळी त्या रांगेत तिची धाकटी बहीणही जाऊन उभी राहिली.

धाकटीला छातीचा क्षय होता. दोघी बहिणी दुकानाच्या वर राहत. धाकटी कपडे शिवायची, आणि औषध सुरू होऊन काही महिने झाले होते. गोळ्या पोटात आग करत, तोंडाची चव जाई, लघवी लाल होई, पण खोकला उतरला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, अर्ध्यावर सोडल्या तर उरलेला आजार शहाणा होऊन परत येतो.

धाकटीने सोडल्या. ताईला सांगितलंही नाही. ताईला कळलं ते मोरीत रक्त दिसलं तेव्हा.

"अगं, गोळ्या कुठेत तुझ्या?"

"टाकून दिल्या," धाकटी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. "मी बरी झाले, ताई. पहिल्यांदा नाणं काळं निघालं. मग तपकिरी, मग नुसतं पिवळट. आता पांढरंच राहतं. बाबा पट्टीसुद्धा पांढऱ्या दोऱ्याची देतात मला, बऱ्या झालेल्यांना देतात ती. पहिली काळ्या दोऱ्याने शिवलेली असते, मधली तपकिरी."

"आणि हे रक्त?"

"जुनं आहे. बाहेर पडतंय." मग जरा थांबून म्हणाली, "तूच सांगितलंस ना सगळ्यांसमोर. तुझा डोळा चुकतो का कधी?"

ताईने विनवलं, रागावली, शेवटी रडली. धाकटी उशीखालून नाणं काढून दाखवायची, बघ की पांढरं आहे. ताईने ते भिंगाखाली धरलं. त्यांच्या वडिलांनी लेकीला दिलेलं, कधीही न वापरलेलं नाणं ते. त्याची झळाळी मेली होती, चित्रातल्या गालावर राखेने घासून पांढरं केल्याचे बारीक ओरखडे होते. प्रत दोन पायऱ्या उतरलेली. पण हे धाकटीला सांगून काय उपयोग? ज्याला जगायचं असतं तो नाण्याची प्रत बघत नाही.

ती डॉक्टरीणबाईंकडे धावली. बाई थकलेल्या होत्या. बाबा आल्यापासून त्यांचे कितीतरी रोगी परतलेच नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"आजारी माणसाला बांधलं की काळं पडतं, हे पाहिलंत. जे आजारी नाही त्याला बांधून पाहिलंत का?"

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं नाणेवालीला वाटलं.

त्याच संध्याकाळी ती डोक्यावरून ओढणी घेऊन रांगेत उभी राहिली. पट्ट्या वाटणाऱ्या बाबांच्या माणसाला, पट्टीवाल्याला, म्हणाली, घरात दोघं आजारी आहेत. एक आमचे थोरले, कायम उभे, बसताच येत नाही. दुसरी आत्या, पोट मोठं, मान बारीक. पट्टीवाल्याने मान वर न करता पेटीत नोटा टाकून घेतल्या आणि काळ्या दोऱ्याच्या दोन पट्ट्या दिल्या. पट्टीला सुगंधी तेलाचा भपकारा येत होता. नाकाशी नेली तेव्हा तेलाखाली आणखी एक वास होता, नासक्या अंड्याचा.

घरी येऊन तिने प्रत्येक पट्टीत एकेक स्वच्छ नाणं गुंडाळलं आणि थोरल्यांना पट्टी बांधली, म्हणजे दुकानातल्या टेबलाच्या पायाला. आत्याबाई म्हणजे काचेची रिकामी बाटली, तिच्या पोटाला दुसरी. आणि धाकटीची पांढऱ्या दोऱ्याची पट्टी तिने टेबलाच्या दुसऱ्या पायाला बांधली.

सकाळी पहिली दोन्ही नाणी काळी होती. तिसरं पांढरंच होतं.

गोदामात ती धाकटीला जवळजवळ ओढत घेऊन गेली. डॉक्टरीणबाईही आल्या, मागे उभ्या राहिल्या. नाणेवालीला पुढे येताना पाहून बाबांना हर्ष झाला. तिने पहिलं काळं नाणं त्यांच्या हातावर ठेवलं, थोरल्यांचं आहे म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. यकृत, ते म्हणाले. शिवाय जुनी चिंता, एका नातलगाचा मत्सर, आणि रात्री पाय दुखतात.

"पाय तर त्यांना चार आहेत," नाणेवाली म्हणाली. "हे माझ्या दुकानातलं टेबल आहे, बाबा."

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली. पण बाबा कसलेले होते. लाकूड म्हणजे झाडच, ते म्हणाले, झाडाला जीव असतो, तुझ्या टेबलाला आतून वाळवी लागली आहे, जा बघ. गर्दीने सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी मागून म्हणालं, बाबांची परीक्षा बघते, स्वतःच्या बहिणीची तरी लाज बाळगावी.

नाणेवालीने दुसरं नाणं पुढे केलं आणि पिशवीतून बाटली काढून खुर्चीच्या हातावर ठेवली.

"वाळवी कबूल. मग काचेच्या बाटलीला काय झालंय?"

या वेळी एक-दोघं हसले. बाबा उठून उभे राहिले, श्रद्धा नसलेल्यांना पट्टी उलटते असं काहीतरी मोठ्या आवाजात सांगू लागले. नाणेवाली बोलतच राहिली. आजार टेबलात नाही, बाटलीत नाही, तो पट्टीत आहे. काळ्या दोऱ्याच्या पट्टीत खूप, तपकिरीत कमी, पांढऱ्यात मुळीच नाही. टेबलाच्या एका पायाला काळ्या दोऱ्याची बांधली, दुसऱ्याला पांढऱ्या दोऱ्याची. एक पाय आजारी, दुसरा ठणठणीत. एकाच टेबलाचे.

आणि मग धाकटी पुढे आली. तिला श्वास पुरत नव्हता, पण शिवणाऱ्या बाईचे हात स्थिर होते. तिने बाबांपुढे तळवा पसरला.

"मला काळ्या दोऱ्याची पट्टी द्या, बाबा. आज रात्री बांधते. मी बरी झालेय ना? मग नाणं पांढरंच राहील."

बाबा म्हणाले, बऱ्या झालेल्याला ती चालत नाही.

"का?"

धाकटी हात तसाच पसरून उभी राहिली. ती अजूनही आशेने त्यांच्याकडे बघत होती, आणि ताईला ते पाहवेना. बाबांची नजर दाराकडे गेली, पट्टीवाला पेटी उचलू लागला, तेव्हा कुठे धाकटीचा हात खाली आला.

पुढचं डॉक्टरीणबाईंनी करून दाखवलं. पट्टीत गंधकाचं पाणी मुरवून वाळवलेलं असतं, त्या म्हणाल्या. अंगाच्या उबेने आणि घामाने ते लवकर चढतं, एरवी थोडं सावकाश, इतकंच. उकडलेल्या अंड्यात चांदीचा चमचा खुपसून ठेवा, तोही काळा पडतो, अंड्याला काही क्षय झालेला नसतो. मग त्यांनी ते तीर्थ काचेच्या पेल्यात ओतलं आणि काळं नाणं त्यात सोडलं. काळंच राहिलं. तेच पाणी, तेच नाणं बाबांच्या वाडग्यात टाकलं, तळाला टेकलं, आणि बघता बघता उजळलं. वाडगा ॲल्युमिनियमचा, तीर्थ म्हणजे खाण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी. चांदीवरचं गंधक सुटून जातं. आपापल्या घरी करून बघा, त्या म्हणाल्या, माझ्यावरही विश्वास ठेवू नका.

लोक ओरडले, पेटीवर तुटून पडले, बाबांना कुणी धरलं, कुणी सोडवलं. त्या गोंधळात एक म्हातारी आजारी मुलाला हाताला धरून नाणेवालीसमोर उभी राहिली. ती रागावलेली नव्हती.

"खोटं होतं ते कळलं, बाई. पण मग आता याला मी काय बांधू?"

बुडत्याच्या हातातली काडी काढून घेतली की निदान काठ कुठे आहे ते तरी दाखवावं लागतं. नाणेवालीने म्हातारीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, आणि मग खुर्चीजवळ उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मी इथेच उभी राहून खरं बोलले आणि तुम्हाला फसवायच्या कामी आले. डोळ्यांनी पाहिलेलंही अर्धंच असतं. आजाऱ्यावर चमत्कार झाला असं कुणी सांगितलं, तर तोच निरोग्यावर करून बघा, दगडावर करून बघा. खरा असेल तर करू देईल. करू देत नसेल तर उठून घरी जा. आणि तोवर औषध सोडू नका."

काही लोक ऐकत होते. काही आपलं नाणं शोधत होते.

धाकटीचं औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आधीपेक्षा जहाल, आधीपेक्षा लांबलचक. डॉक्टरीणबाईंनी कसलीही खात्री दिली नाही. पहिल्या दिवशी गोळ्या उलटून पडल्या, तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून पुन्हा दिल्या. धाकटी भिंतीला टेकून बसली होती, हाडांची मोळी झालेली.

"ताई, तू इतकं बारीक बघतेस. मला बघून सांग ना, मी वाचेन का?"

"मला नाण्यातलं कळतं," ताई म्हणाली. "तुझ्या छातीतलं नाही कळत. थुंकी तपासायला दिलीय, ती सांगेल."

"म्हणजे वाटच बघायची."

"हो," ताई म्हणाली आणि पाण्याचा पेला तिच्या ओठांशी धरला. "पण गोळ्या घेऊन."