काजबाईची कबुली

"परत तेच सांगून आलीस?" मालकांनी ओठांतली टाचणी न काढताच विचारलं.

काजबाईने मान हलवली. शिंप्याच्या त्या दुकानात ती तीस वर्षं हाताने काजं करत होती, म्हणून हे नाव. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती चर्चमध्ये जाऊन फादरांपुढे एकच पाप कबूल करून येई. ताईच्या नवऱ्यावर तिचा जीव होता. त्याला कधी बोटही लावलं नव्हतं बिचारीने. पण मनात आलं म्हणजे पाप झालंच, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. ताईला जाऊन दोन वर्षं झाली, तरी ही कबुली काही सुटली नव्हती.

मालक यहुदी, आणि जिभेला हाड नसलेले. "अगं, नुसत्या ओढीला आमच्यात पाप नाही म्हणत. ती नसती तर कुणी लग्न केलं असतं, की मी हे दुकान काढलं असतं? मनातलं सोड. हातून काय घडलं ते सांग."

"हातून काहीच नाही," ती तोऱ्यात म्हणाली. मग हातातलं काज तसंच ठेवून सांगू लागली.

शेवटच्या दुपारी ताई म्हणाली होती, "यांना बोलव." तो स्वयंपाकघरात चहा करत होता. काजबाई बोलवायला गेली आणि त्याच्यासमोर बसली. "ताईला झोप लागलीय," म्हणाली. अर्धा तास तो फक्त तिच्याशी बोलला. दोघं खोलीत गेली तेव्हा सगळं संपलं होतं.

हे तिने फादरांना कधी सांगितलं नाही. लपवलं म्हणून नव्हे. पापात धरलंच नव्हतं.

ऐकून मालकांनी टाचणी काढून ठेवली. "माणसाचा अपराध केला तर आमच्यात देवही मध्ये पडत नाही. ज्याचा केला, त्याच्याकडेच जायचं."

"ताई तर गेली."

"तो आहे ना?"

होता. पण सांगितलं तर राहणार नाही, हे तिला कळत होतं. रविवारी त्याच्या घरी एक कप चहा, एवढंच तिच्या आठवड्यात गोड होतं.

रविवारी त्याने कप पुढे केला. "बस गं. साखर बघ, पुरे का."

तिने बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. त्याने साखरेचा डबा बंद केला.

"एकदाच म्हणाली?"

"दोनदा. मला माफ करा, भाऊजी."

तो उठून खिडकीशी गेला. पाठमोराच म्हणाला, "चहा घ्या. आणि निघा तुम्ही."

ताईच्या लग्नापासून तो तिला अगं-तुगंच करत आला होता. काजबाईने चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कारण त्याने घ्या म्हटलं होतं.